वाचकांचे प्रश्न : शौचाच्या तक्रारी आणि घरातली शुश्रूषा

मागील अंकात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या शुश्रूषेविषयी लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतली बरीचशी शौचाच्या तक्रारींविषयी होती आणि अनेकांनी नाव न छापण्याची विनंती केली होती. ती पाळली आहे. पत्रे वाचताना एक गोष्ट सारखी खटकत राहिली. औषधाचे नाव विचारणारे पुष्कळ आहेत. पण रुग्णाला शेवटचे शौच कोणत्या दिवशी झाले, ते कसे होते आणि किती होते, हे लिहिणारे फार थोडे. वॉर्डात परिचारिकेचे काम या तीन प्रश्नांपासून सुरू होते, आणि घरातही ते तिथूनच सुरू व्हावे असे मला वाटते.

प्रश्न : माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत. पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि आता ते घरी अंथरुणावरच आहेत. सहा दिवस त्यांना शौचाला झालेच नाही. परवापासून मात्र दिवसातून सात-आठ वेळा पाण्यासारखे पातळ होते, कपडे खराब होतात आणि त्यांना ते कळतही नाही. औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवायची गोळी आणून दिली, तरी फरक नाही. कालपासून ते थोडे असंबद्ध बोलू लागले आहेत. — एक सून, लालबाग

उत्तर : ती गोळी आताच बंद करा आणि डॉक्टरांना आजच दाखवा, उद्यावर ढकलू नका. आपण केलेल्या वर्णनावरून हे जुलाब नसून बद्धकोष्ठतेचेच पुढचे रूप असण्याची शक्यता अधिक वाटते. सहा दिवस साचलेला मळ गुदाशयात घट्ट होऊन त्याचा गोळा बसतो, आणि तुंबलेल्या मोरीतून कडेकडेने पाणी झिरपावे तसा वरचा पातळ मळ त्या गोळ्याच्या बाजूने बाहेर येत राहतो. गुदाशय सतत ताणलेला राहिल्यामुळे रुग्णाला त्याची जाणीव होत नाही. घरच्यांना दिसते ते फक्त पातळ शौच. मग जुलाब थांबवायची गोळी दिली जाते, आतड्यांची हालचाल आणखी मंदावते आणि गोळा अधिकच घट्ट होतो. वृद्ध रुग्णाच्या बाबतीत ‘आधी कित्येक दिवस काहीच नाही आणि मग एकाएकी थोडे थोडे पातळ’ असा क्रम दिसला, की परिचारिका प्रथम याचाच विचार करते.

असंबद्ध बोलण्याकडे दुर्लक्ष करू नका. मळाने भरलेला गुदाशय मूत्राशयावर दाबतो आणि लघवी तुंबते, त्यामुळे वयस्क माणसाला भ्रम होऊ शकतो; शरीरातले पाणी कमी होणे, जंतुसंसर्ग किंवा वेदनाशामक औषध यांमुळेही तसे होते. म्हणून त्यांना शेवटची लघवी कधी झाली आणि ओटीपोट फुगलेले दिसते का, हे पाहून डॉक्टरांना सांगा. पोट टणक झाले असेल, उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल, तर घरी कोणाची वाट न पाहता सरळ रुग्णालयात न्यावे, कारण ती आतडे अडल्याची लक्षणे असू शकतात.

डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका हातमोजा घालून, वंगण लावलेल्या बोटाने गुदाशयाची तपासणी करतील. गोळा हाताला लागला, तर आधी तो मऊ होण्यासाठी एनिमा (गुदद्वारातून सोडायचे पाणी किंवा औषध) देतात आणि गरज पडल्यास बोटाने त्याचे लहान लहान तुकडे करून काढतात. हे काम घरच्यांनी किंवा ब्युरोच्या (घरी शुश्रूषेसाठी माणसे पुरवणाऱ्या संस्थेच्या) बाईने स्वतःच्या हिमतीवर कधीही करू नये. गुदाशयातल्या मज्जातंतूंवर ताण आला, तर हृदयाचे ठोके एकदम मंदावून रुग्णाला घेरी येऊ शकते; म्हणूनच परिचारिका एक हात नाडीवर ठेवते, रुग्णाला घाम सुटतो का ते पाहत राहते, आणि तसे दिसताच थांबते. सासऱ्यांना हृदयविकार असेल, तर ते आधीच सांगा.

आता पुढचे. शस्त्रक्रियेनंतर वेदनेसाठी त्यांना ट्रॅमाडॉलसारखी गोळी चालू आहे का, ते कागदांवर पाहा. या गटातील औषधे आतडी मंद करतात. त्यांच्याबरोबर मळ सैल ठेवणारे औषध पहिल्या दिवसापासूनच सुरू असावे, हे डॉक्टर सांगतात. पण डिस्चार्जच्या गडबडीत ते घरच्यांच्या लक्षातून निसटते. गोळा निघाल्यानंतरही हे औषध रोज द्यावे लागते. एकदा पोट साफ झाले म्हणून ते बंद केले, तर पुन्हा तोच प्रकार होतो.

बेडपॅन देताना रुग्णाला ओढून वर उचलू नका. ज्या बाजूला वळायला डॉक्टरांनी मुभा दिली असेल त्या बाजूला हळूच वळवा, दोन पायांमध्ये उशी असू द्या, पॅन कंबरेखाली सरकवून पुन्हा उताणे करा आणि डोक्याकडचा भाग थोडा उंच करा. खुब्याच्या रुग्णासाठी एका बाजूने चपटे असलेले बेडपॅन मिळते, ते आणावे. धातूचे असेल तर आधी गरम पाण्याने खंगाळून पुसून घ्यावे. थंडगार पॅन टेकताच स्नायू आखडतात. आणखी एक सूचना, जी या सदरातल्या एका पुढच्या उत्तराच्या नेमकी उलट आहे : कृत्रिम सांधा बसवला असेल, तर त्यांच्या पायाखाली चौरंग ठेवू नका आणि त्यांना बुटक्या कमोडवर बसवू नका. गुडघे कंबरेच्या वर गेले, तर सांधा निखळण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी उंच कमोड खुर्चीच हवी.

प्रश्न : आम्ही गिरगावात चाळीत राहतो. संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्यासाठी मिळून. आई ७१ वर्षांची आहे, गुडघ्यांमुळे तिला उकिडवे बसता येत नाही आणि सकाळच्या रांगेत उभे राहणे नको वाटते. त्यामुळे ती लागली तरी दाबून ठेवते आणि पाणीच कमी पिते. चार-चार दिवस पोट साफ होत नाही. खोली एकच, माणसे पाच. कमोड खुर्ची आणू म्हटले, तर तिला सगळ्यांसमोर बसायची लाज वाटते.

उत्तर : आपल्या आईची तक्रार पोटात सुरू झालेली नसून गॅलरीत सुरू झालेली आहे, हे आपण नेमके ओळखले आहे, आणि म्हणूनच तिचे उत्तरही औषधाच्या आधी घराच्या व्यवस्थेत शोधावे लागेल.

मळ गुदाशयात उतरला की कळ येते. ती दाबली, की थोड्या वेळाने निघून जाते, पण मळ तिथेच राहतो आणि मोठे आतडे त्यातले पाणी शोषत राहते. दुसऱ्या दिवशी तोच मळ अधिक कोरडा आणि अधिक त्रासदायक होतो. हे महिनोन्महिने चालले, की कळ येण्याची संवेदनाच बोथट होते. त्यावर पाणी कमी पिण्याची सवय म्हणजे दुहेरी नुकसान.

शरीराने एक सोय मात्र करून ठेवली आहे. जेवण पोटात गेले, की त्याला प्रतिसाद म्हणून मोठ्या आतड्यात जोराची हालचाल होते, आणि ती सकाळी पहिल्यांदा काही खाल्ल्यावर सर्वांत अधिक असते. म्हणून आईला नाश्ता आणि गरम चहा झाल्यावर साधारण पाव ते अर्ध्या तासाने रोज ठरलेल्या वेळी बसवावे, कळ असो वा नसो. दहा मिनिटांपेक्षा अधिक बसवू नये. कुंथत बसल्याने मूळव्याध वाढते.

ती वेळ तिची एकटीची असली पाहिजे, आणि इथेच घरातल्या सर्वांनी थोडी तोशीस घ्यावी. खोलीच्या एका कोपऱ्यात, शक्यतो खिडकीजवळ, छतापासून जमिनीपर्यंत पोहोचेल असा जाड पडदा लावा. अर्धा पडदा काही उपयोगाचा नाही, कारण खालून पाय दिसतात आणि तेवढ्यानेही माणूस अवघडतो. आई बसली, की घरातल्यांनी पंधरा मिनिटे गॅलरीत जावे, किंवा निदान रेडिओ लावावा. अनेक वयस्क स्त्रियांना वासापेक्षा आवाजाची लाज अधिक वाटते. खुर्चीखालच्या भांड्यात आधीच तांब्याभर पाणी घालून ठेवले, तर मळ चिकटत नाही आणि वासही कमी येतो. भांड्याला घट्ट झाकण हवे. ते कोणी रिकामे करायचे, हे आईसमोर रोज नव्याने ठरवू नका. ज्याने करायचे त्याने ते मुकाट्याने करावे. नळाला पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर त्यासाठीची बादली वेगळी भरून ठेवावी.

बसण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. उकिडवे बसल्यावर गुदाशय आणि गुदद्वार यांच्यामधला कोन सरळ होतो आणि मळ सहज उतरतो. खुर्चीवर तो लाभ मिळवायचा, तर पायांखाली सुमारे वीतभर उंचीचा भक्कम चौरंग ठेवावा, गुडघे कंबरेपेक्षा किंचित वर यावेत, कोपरे मांडीवर टेकून पुढे झुकावे आणि श्वास रोखून न धरता तो सोडत जोर लावावा. गुडघे दुखत असतील, तर सोसवेल तेवढ्याच उंचीचा चौरंग घ्या.

पाण्याचे म्हणाल, तर हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल, तर दिवसाला दीड लिटरच्या आसपास पातळ पदार्थ पोटात जावेत. ‘पाणी पी’ म्हणून मागे लागण्यापेक्षा सकाळी पेज, दुपारी ताक, चारच्या सुमाराला सार किंवा कळण असे दिले, तर ते सहज जाते. बहुतेक भाग संध्याकाळपर्यंत संपवावा, म्हणजे रात्री उठावे लागण्याची तिची भीतीही उरणार नाही.

प्रश्न : आईला लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चालू आहे. बद्धकोष्ठता आहे. एक जण म्हणतो इसबगोल द्या, दुसरा म्हणतो एरंडेल, केमिस्ट गुलाबी रंगाचे औषध देतो, शेजारी रात्री झोपताना दुधाबरोबर एक गोळी घेतात. यातले नेमके काय चांगले? — मुलुंड

उत्तर : यातले प्रत्येक औषध कोणाला ना कोणाला चांगले आहे आणि कोणाला ना कोणाला अपायकारक आहे. म्हणून शेजाऱ्याला लागू पडले, एवढ्यावरून ते घेऊ नये.

इसबगोल मळाला भर आणि ओलावा देतो, पण त्यासाठी तो पाणी ओढून घेतो. ज्या रुग्णाला पेलाभर पाण्याबरोबर तो घेता येतो आणि दिवसभर पुरेसे पाणी पिता येते, त्याच्यासाठी उत्तम. जी व्यक्ती अंथरुणावर आहे, गिळताना अडखळते किंवा जिच्या गुदाशयात आधीच गोळा बसला आहे, तिला तो देऊ नये. तो घशात किंवा आतड्यात फुगून अडथळा होऊ शकतो. लॅक्ट्युलोजचे गोड पातळ औषध सौम्य असते, परंतु त्याचा परिणाम दिसायला एक ते दोन दिवस लागतात. सकाळी घेतले आणि संध्याकाळी काही झाले नाही म्हणून दुप्पट घेणारे पुष्कळ असतात, आणि मग तिसऱ्या दिवशी पोटात गुबारा धरून जुलाब होतात. एरंडेलाने जोराची कळ येऊन पातळ होते. कधीतरी ठीक, रोजचे नव्हे, आणि गरोदर स्त्रीला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कधीच नव्हे. गुलाबी औषधांपैकी काहींत लिक्विड पॅराफिन असते. गिळताना ठसका लागणाऱ्या वृद्धाला ते देऊ नये, कारण ते तेलकट द्रव्य फुफ्फुसात गेले तर तिथे सूज येते. मॅग्नेशियम असलेली औषधे मूत्रपिंडाच्या रुग्णांना वर्ज्य.

शेजाऱ्यांची रात्रीची गोळी बहुधा बिसाकोडिलची असावी. ती दुधाबरोबर घेणे चुकीचे आहे. गोळीवरचे आवरण आतड्यात पोहोचेपर्यंत टिकावे अशा बेताने केलेले असते. दुधामुळे किंवा आम्लपित्ताच्या औषधामुळे ते जठरातच विरघळते आणि पोटात मुरडा येतो. ती पाण्याबरोबर घ्यावी आणि न चावता गिळावी. परिणाम सहा ते बारा तासांनी दिसतो.

आईच्या बाबतीत मात्र मी औषध वाढवण्याआधी औषध कमी करता येते का, ते विचारीन. लोह आणि कॅल्शियम या दोन्हींमुळे मळ घट्ट होतो. लोहाची गोळी एक दिवसाआड चालेल का, कॅल्शियमचा दुसरा प्रकार देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. लोहामुळे मळाचा रंग हिरवट काळा होतो, त्याने घाबरू नये. पण मळ डांबरासारखा काळा, चिकट आणि उग्र वासाचा असेल, तर ते जठरातल्या रक्तस्रावाचे लक्षण असू शकते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते. आहारात भाकरी, कोंड्यासकट कणीक, पालेभाजी, मोडाची उसळ, पेरू, पपई आणावी, मात्र हळूहळू. चहाबरोबर खारी आणि पाव यांवर भागवणाऱ्या माणसाला एकदम दोन वाट्या उसळ दिली, तर पोट फुगून तो ती कायमची सोडतो.

प्रश्न : वडिलांना अधूनमधून एनिमा लागतो. प्रत्येक वेळी परिचारिकेला बोलावणे परवडत नाही. मी स्वतः देऊ शकतो का? — मुलगा, विक्रोळी

उत्तर : डॉक्टरांनी सांगितलेला एनिमा, एकदा परिचारिकेसमोर करून दाखवल्यानंतर, आपण देऊ शकता. केव्हा देऊ नये, हे आधी पाठ करा : पोटात तीव्र वेदना, उलट्या, ताप किंवा शौचातून रक्त असेल तेव्हा, आणि नुकतीच आतड्याची किंवा गुदद्वाराची शस्त्रक्रिया झाली असेल तेव्हा. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या छोट्या तयार एनिमात बहुधा फॉस्फेटचे क्षार असतात. मूत्रपिंड कमकुवत असलेल्या किंवा अतिवृद्ध रुग्णाच्या रक्तात ते क्षार धोकादायक प्रमाणात वाढू शकतात. वडिलांचे रक्त तपासले असेल, तर मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा डॉक्टरांना दाखवून मगच तो वापरा. साबणाचे पाणी घरी कालवून देण्याची जुनी पद्धत आता सोडावी, कारण त्याने आतड्याचे अस्तर पोळते.

रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून उजवा गुडघा पोटाकडे घ्यायचा. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे असल्यामुळे पाणी आपोआप तिकडे उतरते. अंथरुणावर रबरी मॅकिन्टॉश (पाणी न झिरपणारे कापड) आणि त्यावर जुनी चादर असावी. पाणी कोमट, मनगटाच्या आतल्या बाजूला सोसवेल इतपत. नळीच्या टोकाला वंगण लावून ती बेंबीच्या दिशेने ७ ते १० सेंटिमीटर आत घालायची, अडली तर रेटायची नाही. पिशवी रुग्णाच्या कंबरेपासून ३० ते ४५ सेंटिमीटर उंच धरावी. त्याहून वर नेली, की पाणी जोरात शिरते आणि मुरडा येतो. कळ आली तर नळी चिमटीत धरून थांबावे, त्यांना तोंडाने श्वास घ्यायला सांगावे, मग पुन्हा सोडावे. पाच-दहा मिनिटे धरून ठेवायला सांगा. मग जे पडेल ते पाहा आणि लिहा. वारंवार एनिमा लागत असेल, तर रोजच्या औषधाची मात्रा कमी पडते आहे, असा त्याचा अर्थ होतो, आणि ते डॉक्टरांना सांगायला हवे.

प्रश्न : मी ब्युरोमार्फत रुग्णांच्या घरी काम करते. आत्ताच्या आजींना डायपर लावावा लागतो. त्यांची मांड्यांची आणि कंबरेखालची कातडी लाल होऊन सोलली आहे. घरचे लोक पावडर लावायला सांगतात आणि पुसायच्या पाण्यात जंतुनाशक टाकायला सांगतात. त्याने आग होते, आजी ओरडतात. दोष मात्र मलाच देतात. — गोवंडी

उत्तर : ताई, आजी ओरडतात ते खरे आहे आणि आपले निरीक्षणही खरे आहे. पावडर आणि जंतुनाशक, दोन्ही बंद करा. हे उत्तर घरच्या मंडळींना वाचून दाखवायलाही हरकत नाही.

मळात पचनरस असतात, ते ओल्या कातडीला अक्षरशः पोळतात. त्यात लघवी मिसळली, की त्रास दुप्पट. पावडर ओलीत भिजून तिचे लहान लहान खडे होतात आणि घड्यांत घासतात. म्हणून शौच झाल्यावर लगेच, साध्या कोमट पाण्याने आणि मऊ सुती कापडाने, पुढून मागे अशा दिशेने स्वच्छ करावे. उलट दिशेने पुसल्यास मळातले जंतू लघवीच्या मार्गात जातात. घासू नये, टिपून कोरडे करावे, घड्या विसरू नयेत, आणि मग झिंक ऑक्साइडचे मलम पातळ थरात लावावे. पुढच्या वेळी ते खरवडून पूर्ण काढायचे नसते. वरचा घाण थर पुसावा, खालचा राहू द्यावा. एकावर एक दोन डायपर लावून रात्र काढण्याची पद्धत काही घरांत पैसे वाचवण्यासाठी चालते, ती फार महागात पडते. दिवसातून थोडा वेळ डायपर काढून, खाली मॅकिन्टॉश आणि चादर घालून, कातडीला वारा लागू द्या. नाश्त्यानंतर ठरलेल्या वेळी बेडपॅन द्यायला सुरुवात केली, तर पुष्कळदा दिवसातला एक तरी डायपर वाचतो.

माकडहाडापाशी लाल झालेल्या जागेवर बोट दाबून उचला. ती जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक. लालच राहिली, तर ती शय्याव्रणाची सुरुवात आहे. त्याच दिवशी कळवा आणि दर दोन तासांनी कूस बदला. लालीच्या कडेला बारीक बारीक वेगळे पुरळ दिसले, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्याला वेगळे मलम लागते. आपले हात मात्र हातमोजे काढल्यावरही साबणाने धुवा, कारण जुलाबाचे काही जंतू नुसत्या सॅनिटायझरने मरत नाहीत.

प्रश्न : पावसाळ्यात घरात कोणाला ना कोणाला जुलाब होतात. ओआरएस किती आणि कसे द्यावे? — कुर्ला

उत्तर : मोठ्या पुडीसाठी एक लिटर पाणी, लहान पुडी असेल, तर तिच्यावर लिहिलेले मापच घ्या. पाणी उकळून गार केलेले असावे. अर्ध्या पेल्यात अर्धी पुडी असा अंदाज करू नका. द्रावण दाट झाले, तर जुलाब वाढतात. पुडी नसेल, तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, दोन्ही मोजायला चहाचाच लहान चमचा. २४ तासांनंतर उरलेले फेकून द्यावे. उलटी होत असेल, तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने द्या. टेट्रापॅकमधली गोड पेये या द्रावणाची जागा घेऊ शकत नाहीत. ठरलेल्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द छापायला अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याच कारणाने. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन अपुरे पडू लागल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना हेच साधे द्रावण पाजून वाचवले होते, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

लहान मुलांना ओआरएसच्या जोडीला डॉक्टर १४ दिवस झिंक देतात. जुलाब थांबले म्हणून ते मध्येच सोडू नये. स्तनपान आणि नेहमीचे जेवण चालूच ठेवावे. वृद्धांची कातडी मुळातच सैल असल्याने चिमटा काढून पाण्याची कमतरता कळत नाही. त्यांची जीभ कोरडी आहे का आणि लघवी किती वेळाने होते, हे पाहावे. रक्त, ताप, पेंग किंवा लघवी बंद होणे यांपैकी काहीही दिसले, तर रुग्णालय गाठावे.

प्रश्न : गुदाशयाच्या कर्करोगामुळे माझी शस्त्रक्रिया झाली आणि पोटावर कोलोस्टोमी (मळ पिशवीत येण्यासाठी पोटावर केलेली वाट) आहे. वय ५२. पुढच्या महिन्यात कामावर रुजू व्हायचे आहे, कांदिवलीहून चर्चगेटला. गर्दीत पिशवी फुटेल, वास येईल, या विचाराने झोप लागत नाही. — कांदिवली

उत्तर : नीट बसवलेली पिशवी गर्दीत सहसा फुटत नाही, ती कडेने सुटते, आणि बहुधा दोन कारणांनी. एक म्हणजे ती वेळेवर रिकामी केलेली नसते. एक तृतीयांश ते अर्धी भरली, की ती रिकामी करायची. वजनाने ओढली गेली, की पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या चकतीची कड उचलते. दुसरे म्हणजे चकतीचे भोक चुकीच्या मापाचे असते. शस्त्रक्रियेनंतरचे सहा ते आठ आठवडे स्टोमा, म्हणजे पोटावर बाहेर आणलेले आतड्याचे तोंड, हळूहळू आकसत जातो. रुग्णालयात पहिल्या दिवशी घेतलेल्या मापाने आजही कापत असाल, तर उघड्या राहिलेल्या कातडीवर मळ झिरपणारच. स्टोमा पुन्हा मोजा आणि भोक त्याहून दोन-तीन मिलिमीटरच मोठे ठेवा. चकती लावण्यापूर्वी कातडी साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा, तेल किंवा क्रीम लावू नका, आणि लावल्यावर तळहाताच्या उबेने ती मिनिटभर दाबून धरा. पिशवी रिकामी करायची वेळ नसतानाही वास येत असेल, तर कुठेतरी गळती आहे असे समजून चकती बदला.

स्टोमा ओलसर, लालसर गुलाबी असावा. पुसताना रक्ताचा ठिपका येणे साहजिक आहे. तो जांभळा किंवा काळपट दिसू लागला, तर मात्र त्याच दिवशी शल्यचिकित्सकांना दाखवा. स्टोमाला वेदनेची संवेदना नसते, म्हणून पट्ट्याचे बकल त्यावर घासत असले तरी ते कळणार नाही. पट्टा स्टोमाच्या वर किंवा खाली येईल असा बांधा, किंवा गॅलस वापरा.

लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवासाची मुभा असते. रुग्णालयाचे कागद जवळ ठेवावेत, आणि आपण धडधाकट दिसता म्हणून कोणी हटकले, तर संकोच न करता ते दाखवावेत. बॅगेत एक तयार कापलेली चकती, पिशवी, ओले पुसणे, काळी प्लॅस्टिक पिशवी आणि एक शर्ट असावा. पहिले काही दिवस सकाळी निघण्यापूर्वी राजमा, कोबी, मुळा, कच्चा कांदा आणि सोड्याची पेये टाळून पाहा. मग एकेक पुन्हा सुरू करून कशाने वायू होतो ते आपले आपणच ठरवा. काही महिने जड सामान उचलू नका, स्टोमाच्या बाजूने हर्निया होऊ शकतो. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे, आणि ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईतच आहे. तिथे पिशवी लावून रोज कामावर जाणारी माणसे भेटतात. माझ्या मते झोप न लागण्यावर माझ्या उत्तरापेक्षा त्यांच्याशी झालेली अर्ध्या तासाची भेट अधिक कामाला येईल.

प्रश्न : वय ६६, प्रकृती ठीक. पण दररोज शौचाला होत नाही, एक दिवसाआड होते. दिवसभर अस्वस्थ वाटते. रोज चूर्ण घेऊ का? — दादर

उत्तर : नको. दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत सर्व काही सामान्यच धरले जाते, जोवर मळ मऊ आहे आणि कुंथावे लागत नाही. ब्रिस्टल विद्यापीठातील डॉक्टरांनी १९९७ मध्ये मळाच्या रूपाची सात प्रकारांची एक तालिका प्रसिद्ध केली, ती आजही वॉर्डात वापरतात. सुट्या खड्यांसारखा मळ पहिला प्रकार, पाण्यासारखा सातवा. लांबट, मऊ किंवा किंचित भेगाळलेला मळ तिसऱ्या-चौथ्या प्रकारात येतो. आपला तसा असेल, तर एक दिवसाआड हीच आपली प्रकृती.

पण वर्षानुवर्षे रोज होत असे आणि अलीकडेच, विनाकारण, हा बदल झाला असेल, मळाबरोबर रक्त दिसत असेल, मळ पेन्सिलीसारखा बारीक होऊ लागला असेल किंवा वजन उतरत असेल, तर चूर्ण घेऊन पाहण्यात महिने घालवू नका. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, आणि जाताना मागील पंधरवड्यात कोणत्या दिवशी कसे शौच झाले, ते लिहिलेला कागद सोबत न्या.